सरव्याची पात

धोंडिराम मास्तरांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा. पण माणूस मनाचा काळा नव्हता. कोरेगावकडचा हा गडी बदली होऊन पलूसपासून चार मैलांवरच्या त्या गावात आला, तेव्हा तिसरीतल्या निम्म्या पोरांना बाराखडी येत नव्हती. वर्षात ती त्यांनी आणवली. कशी आणवली ते पोरांच्या तळहातांना विचारावं.

फक्त एका पोरीपुढं त्यांनी हात टेकले होते. रहिमान मणेराची नूरजहां. नऊ वर्षांची, शांत, आणि डोळ्यांनी अधू. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मिरजेला ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, पण नजर आली ती चिमूटभरच. ही चिमूटही वापरून संपेल, या धास्तीनं घरात तिला कुणी काही बघूच देईना. शाळेतून आली की तिची आई सुरय्या डोळ्यांवर ओलं फडकं बांधून तिला आतल्या खोलीत बसवायची. दिव्यातलं तेल जपावं तशी त्या घरात नजर जपत होते. माया होती, पण आंधळी होती, असंच म्हणावं लागेल.

वर्गात पोरगी पुस्तक नाकाला टेकवून वाचायची. वरच्या ओळीतला एक शब्द, खालच्या ओळीतले दोन, मधलं सगळं गायब. राजाच्या गोष्टीत मध्येच बैल यायचा आणि वर्ग खिदळायचा. फळ्याकडं बघताना ती हनुवटी उजवीकडं वळवून तिरकी बघायची. मास्तरांना वाटायचं, हिचं लक्ष खिडकीबाहेर आहे. "सरळ बघ!" म्हणून त्यांनी दोनदा तिच्या बोटांवर छडी ओढली होती. ती सरळ बघायची, आणि मग तिला काहीच दिसायचं नाही. पण हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि मास्तरांनी विचारलं नाही.

चौसष्टच्या दिवाळीआधी रहिमान शाळेत आला. बांगड्यांची पेटी पायरीवर ठेवून त्यानं खिशातून चौघडी केलेला कागद काढला. पुण्याच्या अंधांच्या शाळेचा फॉर्म.

"मास्तर, तितं बोटांनी वाचाय शिकवत्यात म्हणं. चांगलंच हाय. पर पोरगी वर्सातनं दोनदा घरी येणार. तिची आई चार दिस झालं धड जेवली न्हाई."

"रहिमान, हितं राहून ती काय शिकणार? तितं निदान वाचंल तरी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली. त्यावर दुसरी सही दिपोटीसाहेबांची, म्हणजे शाळातपासनिसांची, लागत होती. ते जानेवारीत तपासणीला यायचे होते. तोवर नूरजहांचं गाव तिचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीतून मास्तर परत आले ते एस.टी. चुकल्यामुळं पायीच. वाटेत हंबीररावांचं रान लागलं. भुईमूग काढून झाला होता, आणि मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला, म्हणजे सरव्याला, बायापोरं आली होती. त्या भागातली रीतच अशी, की पीक निघालं की मालक एक दिवस गरिबांना रानात सोडतो. दुसऱ्या दिवशी ढोरं सुटतात.

पोरं रानभर चिमण्यांसारखी उडत होती. इथं एक शेंग, तिथं एक. आणि त्या गलक्यात पारूबाईच्या शेजारी, मान तिरकी करून, एक एक पाऊल टाकत नूरजहां चालली होती. मध्येच वाकायची, "घावली!" म्हणायची आणि शेंग बुट्टीत टाकायची.

पारूबाई वाघमारे रहिमानच्या घरामागच्या वस्तीत राहायची. एकटी बाई, रोजगाराला जाणारी. गावाला माहीत होती ती तिच्या तोंडामुळं. मास्तर बांधावरूनच ओरडले, "पारूबाई, ह्या पोरीला दिसत न्हाई, आन् तू तिला रानात आणलीस?"

"दिसत न्हाई असं कोण म्हणलं?" पारूबाईनं कंबर सरळही केली नाही. "थोडं दिसतंय. थोड्यालाच रीत लागती मास्तर. ज्येला लय दिसतंय त्येला कशाला रीत? ती बगा तुमची पोरं. बुट्ट्या बगा त्यांच्या."

मास्तरांनी बघितलं. डोळस पोरांच्या बुट्ट्यांचा तळ उघडा होता. नूरजहांची बुट्टी काठाला आली होती.

राग नाकावरून कुठं गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ते रानात उतरले. "कसली रीत?"

"एक पात धरायची, ह्या बांधापास्नं त्या बांधापतोर," पारूबाई म्हणाली. "डावीकडनं उजवीकडं नजर चालवायची, पळवायची न्हाई. पल्याड काय चमाकलं तर चमाकू दे. बांध आला की आल्या वाटनंच मागं यायचं, मग एक पाऊल खाली सरायचं. मदी कुटं थांबलं तर तितं ढेकूळ ठेवायचं. काळ्या मातीत शेंग पांढरी दिसती, ही तर देवाची किरपाच की."

"आन् ही मान?"

"तेवडं मातर तिला सरळ बग म्हणू नका. मीबी आदी म्हणायची. मग ध्यानात आलं, हनुवटी वळवली की शेंग घावती. तिची नजर कोपऱ्यात हाय मास्तर. ज्याच्या घराचं दार आडबाजूला, त्येनं तिकडनंच यायचं."

भर बाजारात कुणी थोबाडीत द्यावी तसं मास्तरांना झालं. दोनदा छडी ओढलेली ती बोटं त्यांच्यासमोर शेंग सोलत होती. नूरजहांनं दाणे त्यांच्या हातावर ठेवले. "खावा मास्तर." त्यांनी ते मुठीतच धरून ठेवले.

"तू हे कुटं शिकलीस?" त्यांनी पारूबाईला विचारलं.

"धा वर्सांची असल्यापास्नं दुसऱ्याच्या रानात येचतीया. घावली ती आपली, ऱ्हायली ती ढोरांची. पोटानं शिकवलं, अजून कोण शिकवतंय आमाला?"

घरी येऊन मास्तरांनी वहीचा जुना काळा पुठ्ठा घेतला आणि त्यात पुस्तकाच्या एका ओळीएवढी खिडकी कापली. पुठ्ठा पानावर ठेवला की बाकीचं सगळं पान काळ्या मातीखाली जायचं आणि एकच ओळ पांढरी दिसायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! कागदाचं पान म्हणजे रानच होतं. दोन वर्षं ते पोरीला त्यात मोकाट सोडून वर छडी मारत होते.

पण सुरय्या ऐकेना. "आन् नजर संपली म्हंजी, मास्तर?"

मास्तरांना जोरात बोलायची सवय, पण त्या दिवशी ते हळू बोलले. "सुरय्याबाई, बियाणं कणगीत नुसतंच जपून ठेवलं, पेरलं न्हाई, तर काय हुतं?"

"किडा लागतोय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं चुलीपाशी भांडी उतरवायला आलं.

मग दोन महिने रोज शाळा सुटल्यावर शिकवणी चालली. नूरजहांची जागा बदलली, उजेड पाठीमागून पानावर पडेल अशी. सुरुवातीला ओळ संपली की ती दोन ओळी खाली उडी मारायची. मास्तरांचा आवाज चढायचा, मग तेच जीभ चावायचे. "आल्या वाटनं मागं ये. आता एक पाऊल खाली." ओळीच्या सुरुवातीला डाव्या हाताचा अंगठा, तेच ढेकूळ. डिसेंबर सरता सरता राजाच्या गोष्टीतला बैल निघून गेला. पहिला धडा सलग वाचला त्या दिवशी मास्तरांनी छडी कपाटात टाकली. वर्गाला वाटलं, मास्तर आजारी आहेत.

जानेवारीत सांगलीहून दिपोटीसाहेब आले. रहिमान बाहेर पायरीवर बसला होता, आणि फॉर्म टेबलावर, शेजारी उघडं पेन. मास्तर म्हणाले, "साहेब, सहीआधी पोरीचं वाचन ऐकावं."

साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "धडा पाठ असेल," असं म्हणून त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून तिच्यापुढं पसरलं. "ह्यात कुठंतरी कोयनानगरच्या एस.टी.ची बातमी आहे. शोध, आणि वाच."

एवढं मोठं पान पोरीनं कधी बघितलंच नव्हतं. पुठ्ठ्याची खिडकीही त्याला बसेना. नूरजहांनं पुठ्ठा बाजूला ठेवला. हनुवटी वळवली. पानाच्या वरच्या कोपऱ्यापासून बोट फिरवत एका उभ्या काळ्या रेघेशी थांबली. "हा बांध," ती स्वतःशीच म्हणाली.

पहिला रकाना वरून खाली. मग दुसरा. मास्तरांना मागून दिसत होतं, बातमी चौथ्या रकान्यात, पार तळाला. नुसतं खोकलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. तिसरा रकाना संपत आला तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पेन उचललं. "पुरे, बाळ."

"थांबा साहेब," नूरजहां मान वर न करता म्हणाली, "माझी एक पात राहिलीया."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. चौथ्या रकान्याच्या तळाशी बोट थांबलं, आणि पोरगी रानात ओरडावी तशी ओरडली, "घावली!" मग अंगठा ठेवून तिनं वाचलं. कराडहून कोयनानगरला जाणारी सकाळची गाडी अर्धा तास उशिरा सुटेल. अडखळत वाचलं, पण एक शब्द सोडला नाही.

साहेबांनी फॉर्म सही न करताच घडी घालून ठेवला. "हा कागद ज्याला खरंच लागतो त्याच्यासाठी राहू दे." बाहेर पायरीवर रहिमान दोन्ही हातांत तोंड झाकून रडत होता.

"मास्तर, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली?" साहेबांनी शेरेबुक उघडत विचारलं.

आता खरं सांगायचं तर मास्तरांच्या मनात एक क्षण पाप आलं. शेरेबुकात नाव म्हणजे बढतीची वाट. पण हातावरचे ते शेंगदाणे त्यांना आठवले. "पुस्तकातली न्हाई साहेब. आमच्या गावच्या पारूबाई वाघमाऱ्यांची. नाव तेच लिहा."

शेरेबुक शाळेबाहेर न्यायचं नसतं. मास्तरांनी ते कोटाच्या आत दडवलं आणि नूरजहांचा हात धरून ते बौद्धवस्तीत गेले. चार वर्षं आपली वाट तिकडून जात नाही असं म्हणणारा हा माणूस पारूबाईच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "पारूबाई, चहा कर. साहेबांनी ह्या शेरेबुकात तुझं नाव लिहिलंय. तुझे लय उपकार झालेत माझ्यावर. पोरीवर तर हायेतच, पर माझ्यावर जास्त."

"उपकार कसलं घिऊन बसलाय," पारूबाई म्हणाली, पण तिनं आधी मास्तरांना बसायला घोंगडं टाकलं, मग चहा चुलीवर चढवला. "आन् ह्यात माझं नाव हाय म्हंता? कुटं?"

मास्तर बोट दाखवणार, तोच नूरजहांनं त्यांचा हात मागं सारला. तिनं दारातल्या धुळीत पारूबाईचं नाव मोठ्या अक्षरांत काढलं. "मावशी, हे असं दिसतंय बग. आता वरच्या बांधापास्नं धर. पळू नगंस. वळ संपली की आल्या वाटनं मागं ये."

पारूबाई शेरेबुकावर वाकली. शेंगांनी खरखरीत झालेलं तिचं बोट पहिल्या ओळीवरून गेलं, मागं आलं, खाली सरलं. दुसरी ओळ गेली. एकदा तिनं धुळीतल्या अक्षरांकडं बघितलं. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बोट थांबलं.

"घावली," ती म्हणाली, आणि बोट तिथंच ठेवून बसली. तिकडं चहा उतू गेला, पण उठलं कुणीच नाही.