हायड्रोजन बाद

पहिला पेपर तपासताना प्रणिताला हसू आलं होतं. दुसऱ्यावर लाल पेन थबकलं. गठ्ठा निम्मा झाला तोवर तिनं पेन खाली ठेवलं.

प्रश्न साधा होता. अणूतल्या इलेक्ट्रॉनचा ठावठिकाणा एन आणि एल अशा क्वांटम नंबरांनी सांगतात. दिलेल्या जोड्यांपैकी कुठल्या चालतात आणि कुठल्या नाहीत, एवढंच ओळखायचं. एन एक, एल शून्य. हा तर हायड्रोजनच्या एकुलत्या एका इलेक्ट्रॉनचा पत्ता, आणि अकरावीच्या अख्ख्या वर्गानं त्यावर फुली मारली होती. एल नेहमी एनपेक्षा कमीच, त्यामुळं एन दोन, एल दोन, ही कधीही न चालणारी जोडी. तिला मात्र ऐटीत बरोबरची खूण. वर्गात सगळ्यांच्या पुढं असणाऱ्या निकितानंसुद्धा तेच केलं होतं.

पोरं दहा तऱ्हांनी चुकतात, त्याचं काही नाही. पण सगळी एकाच वाटेनं चुकली, तर ती वाट दाखवणारं कुणीतरी असतं.

सोनईच्या या कॉलेजात प्रणिता तासिकेवर लागली होती, तीही दिवाळीपर्यंत. पुढं ठेवायचं की नाही, हे विभागप्रमुख शामकांत सर याच चाचणीवरून ठरवणार होते. अनीश झाल्यानंतरचं हे तिचं पहिलंच काम. त्याला घरमालकीण भागूबाईंच्या मांडीवर ठेवून निघताना रोज जीव तुटायचा, आणि फळ्यासमोर उभं राहिलं की तोच जीव थाऱ्यावर यायचा. हे सुटलं तर पुन्हा खडू कधी हातात येईल, कोण जाणे.

ती गठ्ठा घेऊन तडक वर्गात गेली.

"निकिता, एल शून्य चालत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की, मॅडम."

"मी?"

"तुमी म्हनल्या न्हवं का, एलची मोजणी लाभपासून सुरू. आई बाजरी मोजती तसं."

प्रणिताला आठवलं. भागूबाई बाजरी मोजायला बसल्या होत्या. पहिलं माप टाकताना त्या 'लाभ' म्हणाल्या, तेवढ्यात अनीश रडला आणि ती आत धावली. मोजणीआधी घेतलेलं शुभाचं नाव ते, असं तिनं धरलं, आणि दुसऱ्या दिवशी कौतुकानं वर्गात सांगितलं: तुमच्या घरी जसा लाभ, तसा इथं शून्य, एन जितका, तितकी एलची मापं.

"मग? लाभ म्हणजे..."

"एकच की, मॅडम. लाभ, दोन, तीन. एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात. माप तर भरल्यालंच असतंय."

मागच्या बाकावरून भागूबाईंच्या शेजारचा कल्याण म्हणाला, "रिकामं माप टाकून कोन लाभ म्हनंल?"

वर्ग खुसखुसला. प्रणिताचे कान तापले.

"मग त्याच दिवशी का नाही बोललात रे?"

"तुमी लई जीव लावून सांगत हुत्या," निकिता खाली मान घालून म्हणाली. "आमाला वाटलं, शून्य तुमी चुकून म्हनल्या. आमी आमचं दुरुस्त करून घेतलं."

पोरांनी बाईंची चूक मायेनं पोटात घातली होती, आणि त्या मायेत हायड्रोजन बाद झाला होता.

"कॉपी झाली का हो, मॅडम?" दारातून आवाज आला. शामकांत सर. हातात तिच्याच गठ्ठ्यातून वाटेत निसटलेले चार-पाच पेपर. "सगळ्यांची फुली एकाच जागी."

हो म्हटलं असतं तर ती सुटली असती. पोरं तिच्याकडंच बघत होती.

"नाही, सर. मी चुकीचं शिकवलं."

सर दारातच उभे राहिले. प्रणितानं खडू उचलला, पण फळ्यावर काय लिहावं ते सुचेना. सकाळी निघताना दुपट्यातून उगारलेली इवलीशी मूठ तेवढी डोळ्यांसमोर आली.

"माझ्या अनीशला कितवं वर्ष लागलंय?"

"पहिलं."

"आणि सरली किती?"

"एकबी न्हाई."

"म्हणजे शून्य. म्हणून अनीश नाहीच का?"

"हाय की," कल्याण म्हणाला. "परवा माजं बोट चावलं त्यानं."

"लागलेलं वर्ष एन. सरलेलं एल. दुसरं लागलं, तर सरलेलं जास्तीत जास्त किती?"

"एक." निकितानं स्वतःच्या पेपरकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"एन तीन, एल तीन," सर दारातूनच म्हणाले. "चालेल?"

"न्हाई, सर," मागून दोन-तीन आवाज आले. "तिसरं आत्ता तर लागलंय. सरंल कसं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "उद्या पुन्हा चाचणी. पेपर मी काढणार, आणि सोपा काढणार नाही." ते वळले, मग थांबले. "मॅडम, बाळाचं पहिलं कधी सरतंय?"

"फेब्रुवारीत, सर."

"मग तेव्हा पेढे आणा स्टाफरूममध्ये. विसरू नका."

सर गेले. फेब्रुवारी दिवाळीनंतर येतो, हे प्रणिताच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. खडू तिच्या मुठीत कधीच मोडला होता.