गव्हाच्या कोठीतली हार्ड डिस्क

माझी धाकटी जाऊ प्राजक्ता अकोल्याला राहते आणि मला ती आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिच्यात वाईट असं काही नाही, आणि तेच माझ्या पोटात दुखतं. भांडायला जावं तर ही बया चहा ठेवते.

आम्ही अमरावतीला. मी, माझे मिस्टर श्याम, सातवीतली लेक आणि सासरे भगवंतराव. त्यांना मी मामाजी म्हणते. मामाजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्यांच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलेलं घरचं सगळं त्यात भरलं. लग्नं, बारशी, कोण कुणाच्या पंगतीत रुसलं तेसुद्धा. मग त्यांना धास्ती बसली, की हा डबाच बसला तर? म्हणून दोन ड्राइव्ह आणले. एक काळी हार्ड डिस्क, विटेसारखी जाड. दुसरी चांदीच्या रंगाची, बिस्किटाएवढी. दोन्हींत सारखंच सगळं भरलं.

"स्टेपनीबिगर गाडी काहाडू नये," ते म्हणाले. "पण स्टेपनी त्याच गाडीत अन् गाडीच पेटून जयली तं? म्हणून एक इथं ठेवू, एक अकोल्याले."

काळी आम्हाला आली. चांदीची प्राजक्ताला.

"काहून?" मी म्हटलं. "मोठी सून मी, अन् मले हे धोंडं?"

"अवं बाई, काळीच्या पोटात चकती फिरते. तिले हालवाचं नाई, आपटाचं तं नाईच. बिस्किटाच्या पोटात फिरतं काईच नाई, यष्टीत आदळलं तरी चालते. म्हणून ते अकोल्याले."

कारण बरोबर होतं. मला ते पटलं नाही, कारण मला पटवून घ्यायचंच नव्हतं. सासूबाईंच्या माघारी बारीक नक्षीच्या पाटल्या कुणाला गेल्या, जाड्याभरड्या कुणाला आल्या, हे मी विसरले नव्हते. आमच्या घरात उजवं-डावं नेहमी असंच होतं, आणि वर त्याला कारणही असतं.

तरी तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण त्या दोन्हींत माझी आई होती.

माझ्या डोहाळजेवणाला आई तिवश्याहून आली होती. आम्ही सगळ्या बायका ओटी भरून बसलो, तेवढ्यात ती उठली आणि स्वतः जुळवलेलं गाणं म्हणायला लागली.

वर्षाली माही बाई, डोहाळ्याची राणी,
बोरं मांगते आंबट, पेत नाही पाणी...

मध्येच तिला ठसका लागला, ती हसली, पदरानं तोंड पुसून पुढं म्हणाली. मामाजींनी ते सगळं टिपलं. आई गेली तेव्हा माझ्याकडं तिचे फोटो पुष्कळ राहिले, पण आवाज राहिला तो एवढाच. फोनमध्ये का नाही घेतला म्हणाल, तर घेतला होता. तो फोन पाण्याच्या टाकीत गेला, आणि पुन्हा घेऊ, कॉम्प्युटरवर तर आहेच, असं म्हणत राहिले.

मग प्राजक्ताचं डोहाळजेवण आलं, अकोल्याला. ती बिनआईची पोर. माहेराहून एक थकलेली काकू तेवढी आलेली. गाणं म्हणायची वेळ झाली तशी कुणी पुढं होईना. तर हीच हिरव्या शालूत, फुलांची वाडी घालून बसलेली, स्वतःच म्हणायला लागली.

प्राजक्ता माही बाई, डोहाळ्याची राणी...

माझ्या आईचं गाणं. माझं नाव काढून त्यात स्वतःचं घातलेलं. आणि म्हणाली कशी, तर थेट आईसारखी. जिथं आई श्वास घ्यायची तिथंच ही श्वास घेत होती. बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. आई नसली म्हणून काय दुसऱ्याची घेऊन बसायची? आणि मला विचारलं? एका शब्दानं तरी?

"कुठून शिकली हे?" मी स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"मामाजींच्या त्या डिस्कमंदी पाह्यलं, ताई. रोज पाह्यतो आमी. लय गोड होत्या तुमच्या आई."

रोज! मी, तिची पोटची लेक, सणासुदीला पाहायचे, रडायला येतं म्हणून. आणि ही रोज पाहत होती.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी मामाजींसमोर आणि दोघा भावांसमोर सांगून टाकलं. वाटणी करा. आमच्याकडचं आमच्या डिस्कमध्ये, त्यांच्याकडचं त्यांच्या. माझं माहेर तिच्या कपाटात नको, अन् तिचे मनालीचे फोटो माझ्या घरात नकोत.

"अवं, वाटणी वावराची होते," मामाजी कळवळून म्हणाले. "स्टेपनीची वाटणी केली तं अर्धं चाक घेऊन जाशीन का?"

"अर्धं तं अर्धं. पण माह्यं असन."

किशोरभाऊजी, माझे दीर, चपला शोधायच्या निमित्तानं उठून गेले. शेवटी प्राजक्ताच उठली, लॅपटॉप आणला, चांदीची डिस्क लावली आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नावाचं सगळं पुसलं. "हे पाहा ताई, कचऱ्यातूनही काहाडलं," म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दिवाळीला ती लेकरू घेऊन अमरावतीला येणार होती. मामाजी हौशीनं काळी डिस्क काढणार, ही शेजारी बसणार, आणि गाणं पुन्हा बिस्किटात जाणार, हे मला दिसत होतं. कॉम्प्युटरवर पहारा ठेवता आला असता, डिस्क मात्र कुणीही पदराआड नेली असती. मी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि गव्हाच्या कोठीत खोल खुपसली. माझी आई तिची सोन्याची पोत अशीच गव्हात ठेवायची. चोराला सगळं सुचतं, गहू उपसायचं सुचत नाही, असं ती म्हणायची. मामाजींनी काळी कुठं म्हणून पुष्कळदा विचारलं. मी म्हटलं, आहे जपून.

या मे महिन्यात दुपारी वीज गेली, आली ती धडाक्यानं आली, आणि मामाजींचा कॉम्प्युटर जळक्या वासासकट बसला. मामाजी हबकले. मी नाही. मी ताठ मानेनं कोठीकडं गेले. झाकण उघडून पाहते तर कोठी रिकामी, आतून पुसून लख्ख केलेली.

"गहू कुठं गेला?" मी ओरडले.

"गच्चीवर," श्याम म्हणाले. "सोंडेकिडे पडून राहिले होते ना. सकाळीच कोठी वर नेली अन् केली पालथी. तुलेच मदत म्हणून."

गच्चीभर गहू पसरला होता. पिशवी कठड्याच्या बुडाशी पडली होती, कोठीतून निघून सिमेंटवर आपटलेली, उन्हानं हात लावू देत नव्हती. खाली आणून मी ती लेकीच्या लॅपटॉपला लावली. आतून टक् टक् आवाज आला. काढली, पुन्हा लावली. पुन्हा टक् टक्. मामाजी "नको लावू, नको लावू" म्हणत होते आणि मी लावतच होते.

राजकमल चौकाजवळ दानिशभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी डिस्क कानाशी धरली आणि टेबलावर ठेवली. त्यांनी ती बाहेरगावी, मोठ्या ठिकाणीही पाठवून पाहिली. तिकडून उत्तर आलं, की चकती पार खरवडली आहे, काही निघणार नाही. कॉम्प्युटरमधलंही निघालं नाही. "भाभी, दुसरी कॉपी असंल ना कुठं?" त्यांनी विचारलं.

मी अकोल्याची बस धरली. खिडकीशी बसून मी एकच धावा करत होते. देवा, हिनं मला फसवलेलं असू दे. समोर पुसल्यासारखं करून मागून कुठंतरी ठेवलेलं असू दे. जन्मात पहिल्यांदा मला वाटत होतं, की माझी जाऊ चोर निघावी.

ती चोर निघाली नाही.

"नाई हो ताई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही. "तुमी पुसाले लावलं, मी पुसलं. फोनमंदीही ठेवलं नाई. तुमची शप्पथ." चांदीची डिस्क तिनं तरी लावली. त्या जागेवर तिच्या लेकीचे व्हिडिओ चढून बसले होते, रांगताना, वरण माखताना.

मला तिचा इतका राग आला की बस. एवढं खरं वागायला कुणी सांगितलं होतं हिला? तिनं चहा ठेवला, तो प्यायले. लेकरू किरकिरायला लागलं तशी ती पाळण्याशी गेली आणि मी रिकामा कप धरून स्वयंपाकघरात बसून राहिले.

आतून आवाज आला.

वर्षाली माही बाई, डोहाळ्याची राणी...

मी उठून दारात गेले. ती पाळण्याची दोरी ओढत माझ्याकडं पाठ करून म्हणत होती. आईचा हेल, आईची घाई. ठसका लागायचा तिथं ती थांबली, हसली, आणि पुढं म्हणाली. ते हसूसुद्धा आईचंच होतं. पुढची कडवी मला येत नव्हती. पोटची लेक मी, मला पहिल्या दोन ओळींच्या पुढं आठवत नव्हतं, आणि हिला अख्खं येत होतं.

"माह्यं नाव काहून घेतलं?" मी विचारलं. "पोरीचं घालाचं नं. नाहीतं तुह्यं."

ती दचकली. "माह्यं तेवढ्या एका दिवसासाठी घातलं होतं ताई. त्या दिवशी मले वाटलं, कोणीतरी माह्यं नाव घ्यावं." दोरी तिच्या हातात तशीच होती. "पण गाणं तं तुमच्या नावाचं आहे. रोज तसंच म्हणतो आमी."

मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. फोन काढून तिचा आवाज भरून घेता आला असता. हात पर्सपर्यंत गेलाही. पण आईचा आवाज म्हणून हिचा आवाज घरी न्यायचा, एवढी काही मी निवळले नव्हते.

"शिकव मले," मी म्हटलं.

दुपारभर तिनं शिकवलं. मी चुकायचे, ती पुन्हा म्हणायची, आवाज न चढवता. लेकरू कधीच झोपलं होतं. शेवटचं कडवं तिवश्याच्या वावराचं होतं. ते म्हणताना मी दोनदा थांबले आणि तिनं पाणी आणून दिलं. तेही मला आवडलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी तोंडातल्या तोंडात घोकत होते. मूर्तिजापूर येईपर्यंत सगळं नीट चाललं. मग शेवटच्या ओळीवर अडले.

तिवश्याच्या वावरात फुलली माही तूर,
वर्षाली माही नांदते...

पुढचं येईना. मागून सुरू करून पाहिलं, तरी तिथंच ठेच. बडनेऱ्यापर्यंत हट्टानं फोन केला नाही. मग लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला, जशी काही वाट पाहत बसली होती. मला पुन्हा राग आला.

"नांदते," मी म्हटलं, "त्याच्यापुढं काय आहे वं?"

"नाही लय दूर," प्राजक्ता म्हणाली.