कीबोर्डचं कव्हर

मी दिशा. लालबागच्या शाळेत नववीत आहे, करी रोडला राहते, डोळ्यांनी दिसत नाही. यातलं काहीच मी ठरवलेलं नाही, पण लोकांना वाईट वाटतं ते फक्त तिसऱ्याचं.

कॉम्प्युटरच्या तासाला मला सूट होती. म्हणजे बाकीचे लॅबमध्ये आणि मी गाण्याला. दिसत नाही त्या मुलीला गाता येतं, हे शाळेला कोणी सांगितलं देव जाणे. मी गायला लागले की गाण्याचे सर पेटी थांबवायचे. मला प्रोग्रॅम लिहायचे होते. घरी ताईच्या लॅपटॉपवर लिहितही होते. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हे मी मुख्याध्यापिका पद्मजाबाईंना इतक्यांदा ऐकवलं की त्या वैतागल्या.

"सोमवारी हितेंद्र सर कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल घेतायत. सगळ्यांबरोबर दे. जमलं तर लॅब, नाहीतर गाणं. परत माझं डोकं खायचं नाही."

हितेंद्र सरांनी बिचाऱ्यांनी लॅबमध्ये ते सॉफ्टवेअर टाकून ठेवलं. सोमवारी मी इअरफोन लावला, कीबोर्डवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. प्लास्टिक! परीक्षा म्हणून बाईंनी सगळ्या कीबोर्डांना नवी कव्हरं घातली होती. आमच्याकडेही टीव्हीचा रिमोट पिशवीतच असतो, वस्तू जपायची म्हणजे जपायची. पण एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, त्यांवरून मी बाकीची बटणं शोधते. ते जाड प्लास्टिकखाली गेले होते.

टाइप केलं, कानात भलतंच ऐकू आलं. पुसलं. परत भलतंच. रडू येत होतं, पण रडले असते तर पुन्हा गाणंच.

मागून कोणीतरी म्हणालं, "राहू दे ना गं, गाणं बरं आहे तुला."

माझी सटकली. कव्हर धरलं आणि टर्रकन फाडलं.

"अगं ए! नवीन होतं ते!" बाई ओरडल्या.

"बाई, नंतर ओरडा. आधी लिहू दे."

आकडा सम की विषम ते सांगणारा प्रोग्रॅम होता. सरांनी तपासला. "चालला," म्हणाले. मग परत म्हणाले, "चालला."

पुढच्या तासाला लॅबमध्ये गेले, तर कीबोर्डवर पुन्हा कव्हर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी माझी बोटं धरून बटणांवर ठेवली. एफ आणि जेच्या जागी दोन भोकं कापली होती, वेडीवाकडी. बाईंच्या अंगठ्यावरची बँडेजची पट्टी माझ्या हाताला लागत होती.

"हे फाडलंस तर बघ," त्या म्हणाल्या.

मी बोटं भोकांत टेकवली आणि टाइप करायला लागले, कोणी थांबवलं नाही. गाण्याच्या तासाला असं कधीच झालं नव्हतं.