सासऱ्याच्या मागे

“दोन्ही हात मागच्या दांडीला. खांद्याला हात लावायचा नाय. सासरा हाय तो तुझा,” चतुराबाईनं सुनेला बजावलं.

“बरं आई,” म्हणत शुभांगी मोटारसायकलवर एका अंगाला बसली. लोखंडी दांडी हाताला चावत होती.

सकाळची एसटी आलीच नव्हती. नाशिकच्या एका दवाखान्यात आयाच्या कामासाठी दहा वाजता बोलावलं होतं. नवरा गेल्यापासून शुभांगी या घरात उरलंसुरलं खाऊन दिवस काढत होती. काम मिळालं तर लेकीला घेऊन ती नाशिकला खोली करणार होती. चतुराबाईला हे ठाऊक नव्हतं. सासऱ्याला, रंगनाथला ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं गाडी काढली होती.

पारापाशी शेकोटी पेटली होती. गावातल्या जयरामनं रंगनाथला हाक मारली, “नाना, पोरगा गेला आन् गाडीवर तुमची सोय झाली व्हय!”

माणसं हसली. रंगनाथनं मान खाली घालून गाडी दामटली. शुभांगी आणखी चार बोटं मागे सरकली.

गोदावरीच्या पुलावर वारा आडवा लागला. गाडी हेलपाटू लागली. मागे तिचे दात वाजत होते. ‘धर मला’ म्हणावं, असं रंगनाथच्या मनात आलं. पण समोरून दूधवाले येत होते, सगळे ओळखीचे. पूल ओलांडू, मग सांगू, असं त्यानं ठरवलं.

पुलाच्या टोकाच्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि पुन्हा रस्त्याला लागली.

द्राक्षबागा लागल्या, रस्ता मोकळा झाला. तिच्याशी कधी बोलला नव्हता इतका तो मफलरमधून बोलला. “पोरी, आता खांदा धर. हितं कोण बघत नाय. तू तुझी खोली कर. घरी काय सांगायचं ते मी बघतो.”

मागून उत्तर आलं नाही. लाजत असेल, असं त्याला वाटलं.

“धर गं,” तो पुन्हा म्हणाला.

एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत बरोबरीला आला. “ओ बाबा! तुमची बाई पुलापाशी पडलीय! कवापासून ओरडतोय मी!”

रंगनाथ माघारी पोचला तेव्हा माणसं जमली होती. शुभांगी डांबरावर आडवी होती. कानातून रक्त येत होतं.

“आबा, दहा वाजले का?” ती रंगनाथला विचारत होती.

एकानं जीप थांबवली. “तुमची कोण ही?”

“सून.”

“मग धरा खांद्याखाली. आम्ही पाय धरतो.”

रंगनाथ वाकला. हात पुढे झाले नाहीत. तो उभा राहिला आणि म्हणाला, “बाई माणूस हाय का कुणी?”

बाकीचे मागे सरले. एक जण बागेत कामावरच्या बायांना बोलवायला पळाला.

शुभांगी कुडकुडत होती. रंगनाथनं अंगावरची शाल काढून लांबूनच तिच्यावर टाकली. वारा ती उडवू लागला. त्यानं रस्त्याकडेचा दगड आणून शालीच्या एका टोकावर ठेवला.

“आबा, दहा…”

दुसरा दगड घेऊन तो आला तेव्हा तिचं विचारणं थांबलं होतं. तरी त्यानं शालीचं टोक सारखं केलं आणि दगड ठेवला, तिला लागणार नाही असा.