ठकीचा पहिला नंबर

इस्पितळात तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. तळमजल्यावर जिन्याखाली तिची खोली होती. एक खुर्ची, एक पंखा, समोर टेलिफोनचा बोर्ड. दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी होती. तिची खरं म्हणजे काही गरज नव्हती, कारण आत कोणी येतच नसे. दिवसभर माणसं तिच्याशी बोलत, पण प्रत्येकाला बोलायचं असे दुसऱ्याच कोणाशी तरी. "नमस्कार, कुठे जोडू?" एवढं विचारलं की तिचं काम संपलं. जोडून दिल्यावर तिथे काय बोलणं झालं, पेशंट वाचला की गेला, हे तिला कळत नसे.

आई होती तोवर याचं तिला काही वाटलं नव्हतं. इस्पितळाच्या मागच्याच इमारतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. कुलपात किल्ली फिरली की आतून आईची हाक यायची, "आलीस का गं?" आणि मग रात्री दिवा मालवेपर्यंत आईची टकळी चालू. कधीकधी तिला वाटे, जरा गप्प बसेल तर बरं. मग आई गेली. घर गप्प झालं ते झालंच. दादा दुसऱ्या शहरात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "जेवलीस ना? तब्येत बरी ना? चल मग, ठेवतो." त्याचाही जीव होता तिच्यावर, पण बोलायचं काय, हे दोघांनाही सुचत नसे.

त्याच वर्षी एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी बोर्डावर फोन करायचे. त्यांची बायको तिसऱ्या मजल्यावर होती. "बाई, जरा तिसऱ्या मजल्यावर जोडता? गुडघ्यामुळे दोनदा खेप होत नाही हो, आणि घरी कुत्र्यांचं बघायला कोणी नाही." ती त्यांना काका म्हणू लागली. मग एके दिवशी त्यांचा फोन सकाळीच आला.

"काका, तिसऱ्या मजल्यावर ना?" तिने विचारलं.

"नको. ही गेली काल. कुठेच जोडू नका. मी तुम्हालाच फोन केला. इतके दिवस जोडून देत होतात, म्हणून म्हटलं, सांगावं."

इतक्या वर्षांत बोर्डावर तिच्यासाठी आलेला तो पहिला फोन होता. फोन ठेवल्यावर बोर्डावर दोन दिवे लुकलुकत राहिले आणि तिने ते फोन उचललेच नाहीत.

पुढच्या सुट्टीला ती त्यांना भेटायला गेली. गावाबाहेर त्यांचं बैठं घर होतं आणि मागे जाळीच्या खोल्यांची रांग. काका बीगल जातीची कुत्री वाढवत, विकत, प्रदर्शनांत उतरवत. आता मुलगा त्यांना आपल्याकडे न्यायचं म्हणत होता, म्हणून सगळी कुत्री एकेक करून चांगल्या घरी देऊन झाली होती. जाळ्या रिकाम्या होत्या. एकीतच एक मादी बसली होती. पांढरी, काळी, बदामी, लांब कानांची, आणि डोळे असे की आत्ताच कोणीतरी तिच्यावर रागावलंय. तिचं कागदावरचं नाव आजोबा-पणजोबांसकट इतकं लांब होतं की सांगता सांगता धाप लागावी. घरात तिला ठकी म्हणत.

"हिला न्या," काका म्हणाले.

"मी? मला कुत्र्याला भाकरी घालण्यापलीकडे काही येत नाही."

"तेवढं आलं तरी पुष्कळ आहे. फक्त एक अट. एकदा तरी हिला प्रदर्शनाच्या रिंगणात उतरवायचं. माझ्याकडची ही शेवटची. शिकवतो मी तुम्हाला."

दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. "अगं, सौंदर्यस्पर्धा कुत्र्यांची? तू साधी स्वतःच्या लग्नात नीट उभी राहिली नसतीस." तिचं लग्न झालंच नव्हतं, हे त्याला बोलून गेल्यावर आठवलं. "बरं, जपून," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मग दर रविवारी ठकीला घेऊन ती काकांकडे जाऊ लागली. तिला वाटलं होतं, कुत्र्याला नुसतं चालवायचं, त्यात काय एवढं. पण पहिल्याच दिवशी घाम फुटला. ठकीला टेबलावर उभं करायचं, पुढचे पाय खांद्यांच्या सरळ खाली, मागचे जरा मागे, शेपूट हाताने वर धरलेली. जज येऊन ओठ वर करून दात बघणार, खांदे, बरगड्या, मांड्या चाचपणार, तोवर तिने हलायचं नाही. मग खाली उतरवून त्रिकोणात धावायचं, ना जोरात ना रेंगाळत. खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे. ठकी पाय जागेवर ठेवी ते फक्त त्या खिशाकडे बघत.

"तिला बघू द्या, तुम्ही बघू नका खिशाकडे," काका ओरडत. "आणि जज जिकडे असेल त्याच्या उलट्या बाजूला तुम्ही. जज आणि कुत्री यांच्यामध्ये माणूस येता कामा नये. तुम्ही त्याला दिसायचंच नाही."

"ते जमेल मला," ती म्हणाली. "आयुष्यभर तेच करत आलेय."

काका हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे जरा बघितलं आणि म्हणाले, "पुन्हा एकदा. डावीकडून."

घरी आईच्या इस्त्रीच्या टेबलावर रबरी चटई घालून ती सराव करू लागली. जेवणाच्या सुट्टीत धावत घरी यायचं, ठकीला बाहेर फिरवून आणायचं, दोन मिनिटं टेबलावर उभं करायचं, परत बोर्डावर. संध्याकाळी किल्ली फिरली की आतून नखांची टकटक ऐकू यायची. ठकी काही बोलत नव्हती, पण ती मात्र बोलू लागली. आज कोणी कुठे जोडायला सांगितलं, कोण रडत होतं, कोणी उगाच झापलं, सगळं. ठकी ऐके आणि मध्येच झोपून जाई.

प्रदर्शनाला काका येणार होते. आपली घडीची खुर्ची रिंगणाच्या दोरीशी मांडून बसणार होते. पण त्याआधीच मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. सध्या महिनाभरासाठी, असं म्हणाला. महिना झाला, दुसरा लागला. रिकाम्या घराला कुलूप दिसलं. प्रदर्शन आठवड्यावर आलं तेव्हा तिने मुलाच्या घरी फोन लावला. काकांनीच उचलला.

"काका, मी ऑपरेटरबाई."

"हां, बाई!" आवाज तोच, खणखणीत. "बरं झालं. जरा तिसऱ्या मजल्यावर जोडता? हिला विचारायचंय, चादर पोचली का ते."

"काका..." ती म्हणाली.

"घाई नाही. लाइन बिझी असेल तर थांबतो मी."

आणि तिच्या तोंडून, सवयीने, निघून गेलं, "होल्ड करा हं."

ते थांबले. तीही थांबली. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने तिकडे खुडबुड झाली आणि मुलाचा आवाज आला. "कोण बोलतंय? ... अच्छा, त्या होय. बाबांचं हल्ली असंच चाललंय. वाईट वाटून घेऊ नका. मलाही कधी ओळखतात, कधी नाही. कुत्र्यांची नावं मात्र सगळी पाठ. सकाळी उठल्यापासून हाका मारत असतात."

त्या दिवशी तिने ठरवलं, नाही जायचं. कोणासाठी जायचं? पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली तर ठकी आपली आपणच इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी होती, मान वर करून. तिला काकांचं काही माहीत नव्हतं. तिची वेळ झाली होती, एवढंच. ऑपरेटरबाईने तिला उचलून वर ठेवलं.

प्रदर्शन एका मोठ्या मैदानात होतं. तंबू, पिंजरे, केस वाळवायच्या यंत्रांची घरघर, भुंकणं. प्रत्येकाबरोबर कोणी ना कोणी होतं. नवरा पाण्याची बाटली धरून, मुलगी कंगवा धरून, मित्र फोटो काढायला. तिच्याकडे बसायला खुर्चीसुद्धा नव्हती. ती लागते, हे काकांनी सांगितलं नव्हतं, कारण खुर्ची ते आणणार होते. दंडावर बांधायला नंबराची पट्टी मिळाली. एका हाताने ती बांधता येईना. दातांत धरून बघितली, सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. ठकी तेवढ्यात शेजारच्या पिंजऱ्यातलं खाणं हुंगायला लागली.

"अहो, द्या इकडे," शेजारच्या जाड चष्म्याच्या बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे दोन बीगल होते. त्यांनी फटकन पट्टी बांधली. "पहिल्यांदाच?"

"हो. दिसतंय का?"

"पट्टी दातांनी कोणीच बांधत नाही," त्या म्हणाल्या आणि आपल्या कुत्र्याकडे वळल्या.

नवख्यांच्या वर्गात तिचा नंबर पुकारला. ती रिंगणात गेली आणि बाकीचे यायची वाट बघत उभी राहिली. कोणी आलं नाही. रिंगणातल्या मदतनिसाने जजच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या वर्गात बीगलची मादी एकच होती. ठकी.

जज उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. "चला, टेबलावर घ्या," त्या म्हणाल्या. एवढं मोठं रिंगण, आणि त्यात ती आणि ठकी. दोरीपलीकडे लोक होते, पण त्यांच्या गप्पा चालू होत्या. ठकीने दात दाखवले, शेपूट धरू दिली. मग धावायची वेळ आली. पहिल्या कोपऱ्यावर तिचा पाय अडखळला आणि आपण जज आणि ठकी यांच्या बरोबर मध्ये आलोय, हे तिच्या लक्षात आलं. तिने झटकन बाजू बदलली. ठकीची दोरी ताणली गेली. ठकीने वर बघितलं, मग आपली चाल पुन्हा धरली आणि शेवटच्या बाजूला अशी झोकात आली की दोन-तीन जणांनी बोलणं थांबवून पाहिलं.

जजबाईंनी लाल फुलाची फीत दिली. पहिला नंबर. कोणीतरी टाळी वाजवली, एकदाच. मग जजबाईंनी विचारलं, "कुत्री छान तयार केलीय. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"एक काका होते," ती म्हणाली. "आहेत," ती घाईघाईने म्हणाली. "आहेत."

जजबाईंनी मान डोलावली आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितलं. नंतर सगळ्या वर्गांतले पहिले एकत्र आले. तिथे चष्मेवाल्या बाईंचा कुत्रा जिंकला आणि ठकीकडे कोणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. फोटोसाठी लोक गोळा झाले. ती जरा वेळ थांबली, कोणी बोलावतंय का म्हणून. मग मैदानाच्या कडेला, भिंतीच्या सावलीत, जमिनीवरच बसली. ठकी तिच्या मांडीवर हनुवटी टेकून पडली. तिने मोबाइलवरून काकांच्या मुलाच्या घरचा नंबर लावला.

"बाबा जागे आहेत," मुलगा म्हणाला. "देतो. पण बघा हं, सांगता येत नाही."

"हॅलो," काका म्हणाले.

तिने आपण कोण ते सांगितलंच नाही. "ठकीचा पहिला नंबर आला."

"ठकीचा?" आवाज एकदम जागा झाला. "किती होत्या वर्गात?"

"एकटीच होती."

काका मोठ्याने हसले. "मग काय, पहिलाच येणार! पुढे? सगळ्यांच्यात?"

"काही नाही मिळालं."

"कोपऱ्यावर घोळ झाला असेल. तिला डावीकडे वळताना जागा लागते. तिच्या आईलाही लागायची. दोरी सैल सोडायची, ताणायची नाही. ताणली होती ना?"

"हो."

"तरी वाटलंच. आता महिनाभर रोज कोपरेच करा." ते थांबले. मग आदराने, परक्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आपण कोण बोलताय?"

ऊन भिंतीवरून खाली सरकलं होतं. मैदानात तंबूचे दोर सोडायला सुरुवात झाली होती.

"मी ठकीबरोबर असते," ती म्हणाली.

"बरं, बरं. मग काळजी नाही," काका म्हणाले, आणि फोन ठेवला गेला.

ती उठली. कपड्यांची माती झटकली. चष्मेवाल्या बाई खुर्च्या गाडीत टाकत होत्या. त्यांनी लांबूनच हात केला. "अहो, दातवाल्या बाई! बुधवारी संध्याकाळी आम्ही सरावाला जमतो, इथेच. यायचं तर या."

"बुधवारी माझी ड्यूटी असते," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बघते बदलून मिळते का."

गाडी निघून गेली. बसमध्ये कुत्र्याला घेत नाहीत, म्हणून घरापर्यंत चालतच जायचं होतं. रस्त्याच्या पहिल्याच कोपऱ्यावर तिने दोरी सैल सोडली. ठकी डावीकडे वळली, ऐटीत, शेपूट वर करून, आणि लगेच एका खांबाशी थांबून हुंगत राहिली. ऑपरेटरबाई शेजारी उभी राहिली. घाई अशी काहीच नव्हती.