गेलेला हुकूम परत येईना

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात पावसच्या आंबा सोसायटीत कॉम्प्युटरचं रिकामं खोकं माळ्यावरून खाली आलं, तेव्हा तिथे हिशेब ठेवणारी हेमा कॉम्प्युटरसमोरून हलेना. संध्याकाळच्या ट्रकने आंब्याच्या पेट्यांबरोबर हे यंत्रही मुंबईला परत जाणार, असं चेअरमन आप्पांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. हेमाने हट्ट धरून ते आणवलं होतं आणि तिचा त्यावर भारी जीव.

आप्पांचं तरी काय चुकलं? 'निवड' म्हटलं की यंत्र एका बागायतदाराच्या पेट्या निवडी, 'जुळव' म्हटलं की दलालवार लावी, 'छाप' म्हटलं की पेट्यांसोबत जायच्या चिठ्ठ्या छापी. पण दर बागायतदाराला हे तिन्ही हुकूम नव्याने टाइप करायचे! तोवर भास्कर कारकुनाच्या चिठ्ठ्या हाताने लिहून व्हायच्या.

दुपारी मात्र हेमाला एकदम सुचलं आणि ती जेवायचीही विसरली. नवं काही रांधायचंच नाही. तयार हुकूमच पाठोपाठ बोलावणारा, सगळ्या बागायतदारांना पुरणारा एकच हुकूम करायचा. नाव 'रवाना'. तिने बटण दाबलं. 'निवड' झालं आणि यंत्र ढिम्म. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. 'रवाना'ने 'निवड'ला धाडलं खरं, पण काम उरकून ते माघारी येईचना, मग पुढच्यांना बोलावणार कोण?

भास्कर खोक्यात पेंढा भरायला लागला. हेमाला रडू फुटायच्या बेतात होतं. ते दिसू नये म्हणून ती उठली आणि घरी जात्ये म्हणाली.

"जात्ये काय?" आप्पा करवादले. "येत्ये म्हणावं गो. परत यायचंय ना?"

हेमा उंबऱ्यातच थबकली. हुकमाला आपण नुसतं जा म्हटलं, परत ये म्हटलंच नाही! त्यासाठीचा शब्द यंत्राच्या पुस्तकात होता, 'कॉल', म्हणजे हाक मारून बोलाव आणि काम झालं की परत आण. तो उगाच शिष्टाचाराचा समजून तिनेच गाळला होता.

ती धावतच खुर्चीत बसली. तिन्ही हुकमांच्या आधी 'कॉल' घातला, बटण दाबलं. 'निवड' गेलं, आलं. 'जुळव' गेलं, आलं. आणि प्रिंटर असा करकरायला लागला की थांबायचं नाव घेईना. पहिल्या बागायतदाराच्या चिठ्ठ्या, लगेच दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. हेमा टाळ्या पिटत हसत सुटली.

आप्पांनी चष्मा लावून एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी. भास्कर खोक्यातला पेंढा उपसायला लागला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"असू दे तो. आंबे भर त्यात. मुंबईला लेकीकडे धाडायचेत."