कागदाएवढी फट

साहेब, तुम्ही तिचा हात हातात न घेताच निकामी ठरवलात. टाचणी टोचलीत, "कळतंय का?" विचारलंत, ती "नाही" म्हणाली आणि सही ठोकून मोकळे झालात. तीन जणांचं तुमचं वैद्यकीय मंडळ, पण या बाईला एखादा स्क्रू देऊन बघावा, हे एकालाही सुचलं नाही.

ही बाई म्हणजे कारखान्यातली मिस्त्रीण. बॉयलरवरची दाबमापकं उघडायची, आतली नखाएवढी दातेरी चाकं पुसून पुन्हा बसवायची, हे तिचं अठरा वर्षांचं काम. एकदा दाबमापकाची काच फुटली आणि मनगटातली नस तुटली. जखम भरली, बोटं हलू लागली. पण उजव्या हाताची दोन बोटं बधिर ती बधिरच. फेरतपासणी गुरुवारी होती. तिथंही तेच ठरलं, तर नोकरी गेलीच म्हणायची.

घरात ती नुसती बसून असायची. हातातून भांडं निसटलं की शिव्या भांड्यालाच. शेवटी थोरली जाऊ वैतागली. जाऊबाई घरी कपडे शिवायच्या. तोंडात टाचण्या धरूनही बोलणं थांबत नाही, असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी खेळण्यांच्या दुकानातून एक खोका आणला आणि तिच्यापुढं आदळला. आत वीतभर लांबीचं रेल्वेचं इंजिन होतं, सगळे भाग सुटे, सोबत हातभर रूळ.

"मी काय कुकुलं बाळ आहे, जाऊबाई?"

"बाळं निदान मोकळेपणानं रडतात तरी. जोड गुमान."

सांगाडा झाला. तीन आस, सहा चाकं, दोन्ही बाजूंचे दांडे, सगळं जुळलं. ढकललं की चाकं लोण्यासारखी फिरायची. घोडं अडलं ते मोटरपाशी. मोटरच्या टोकाला मळसूत्रासारखे आटे होते. ते मधल्या आसावरच्या दातेरी चाकात बसतात आणि इंजिन चालतं. तिनं मोटर दाबून बसवली, स्क्रू आवळले, बॅटरी जोडली. मोटर गुरगुरली, इंजिन दोन बोटं सरकलं आणि थांबलं. सोडलं, पुन्हा आवळलं. सात वेळा तेच.

"पूर्वी बोट टेकवलं की कळायचं कुठं अडतंय ते," ती म्हणाली आणि तिनं सांगाडा दूर लोटला.

जाऊबाईंनी शिलाई मशीनची सुई काढली, टोक खालच्या ओठावरून हलकेच फिरवलं आणि सुई टाकून दिली.

"टोक गेलंय. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. ओठाला कळतं."

"मग मी काय करू?"

"अगं, तुला काय ओठ नाहीत? दिवसभर फुगवून तर बसलेली असतेस!"

मिस्त्रिणीला हसू आलं, किती दिवसांनी. तिनं सांगाडा ओठाला टेकवला आणि डाव्या हातानं मोटरचा दांडा हळूहळू फिरवला. एखादा दाता मोडका असता, तर फेऱ्यात एकदाच खरखरलं असतं. हे तर सारखं घासत होतं. म्हणजे खोट भागात नव्हती, तिच्या सवयीत होती. दाबमापकात काटा जरा जरी थरथरला तरी कुणाच्या तरी जिवावर बेततं. अठरा वर्षं ती सैलपणाशी वैर धरून जगली होती. इथंही तिनं आटे दात्यांत गच्च रुतवले होते.

"मीच फार आवळलंय, जाऊबाई."

"मग उसव. बाही काखेत आवळली की हात वर होत नाही."

कपडे बेतायच्या झिरझिरीत कागदाची एक पट्टी तिनं कापली. आटे आणि चाक यांच्यामध्ये ती धरली, मोटर बसवली, स्क्रू आवळले आणि पट्टी ओढून काढली. राहिली ती कागदाएवढी फट. बॅटरी जोडली. इंजिन निघालं, सावकाश, न अडखळता, रूळ संपेपर्यंत.

सोळा वर्षं एका घरात काढली, आणि जाऊ चिंध्या कापते एवढंच तिला ठाऊक होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"तुम्ही नसता तर, जाऊबाई..."

"तर भांडी फोडत बसली असतीस. चल, माझ्या मशीनला तेल घाल."

तिनं घातलं, अगदी मायेनं, एकेका भोकात.

गुरुवारी तिनं तुमच्या टेबलावर हातभर रूळ मांडले. मोटर सोडवली आणि तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा बसवली. सांगाडा ओठाला लावला तेव्हा तुमच्यातले एक साहेब खुदकन हसले. इंजिन चाललं तेव्हा हसू मावळलं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तुम्ही विचारलंत.

"हात माझे, ओठ माझा, अक्कल या माझ्या जाऊबाईंची."

दाराशी उभ्या असलेल्या जाऊबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या.

तुम्ही कागद उलटेपालटे केलेत. "छापील नमुन्यात ओठाचा रकाना नाही. बोटांचीच संवेदना धरतात. निर्णय पत्रानं कळवू."

मिस्त्रीण खुर्चीतून उठली नाही.

"रकाना नसेल तर आखा, साहेब. पत्र नको. मी समोर बसलेय, काम समोर चाललंय. सोमवारी मी कारखान्यात माझ्या टेबलाशी बसू की नको? इथंच सांगा."